गावाची चव परत आणणारा दूधवाला

पालघर तालुक्यातील माकुणसार, केळवे, माहीम या किनारपट्टीवर पहाटे ताडाच्या झाडावरून उतरवलेला रस गोड असतो. ऊन चढू लागले की मडक्यात फेस धरतो, दुपारपर्यंत त्याची ताडी होते आणि दिवस कलताना ती आंबट होऊन जाते. त्यात कोणी यीस्ट घालत नाही. हवेतले आणि मडक्याला चिकटून राहिलेले सूक्ष्मजीव ते काम बिनबोभाट करतात. मडके केव्हा लावायचे, केव्हा उतरवायचे, नीरा गोड राहावी म्हणून आतून चुना किती फासायचा, हे सारे ज्ञान झाडावर चढणाऱ्याच्या हातात असते. ते कोणी पुस्तकात लिहून ठेवलेले नाही. चढणारे हात थांबले की एका पिढीत ते नाहीसे होऊ शकते.

युरोपातील बेल्जियम या चिमुकल्या देशातल्या एका खेड्यावर साठ-सत्तर वर्षांपूर्वी नेमकी हीच वेळ आली होती. त्या गावाचे नाव हूगार्डन. काही शतके गावाने जपलेले एक पेय तेथे नामशेष झाले. ते पुन्हा जिवंत केले एका दूधवाल्याने, तेही घरात कपडे उकळण्याच्या हंड्यात. गव्हापासून बनवलेली, धणे आणि संत्र्याच्या सालीचा सुवास असलेली ती फिकट, धुकट बिअर आज पुण्या-मुंबईच्या उपाहारगृहांतही मिळते. पेला हातात घेणाऱ्या फारच थोड्यांना पिएर सेलिस हे नाव ठाऊक असते.

पिएर सेलिस यांचा जन्म २१ मार्च १९२५ रोजी हूगार्डन येथे झाला. ब्रुसेल्सच्या पूर्वेला, तीनन शहराजवळ वसलेले हे गाव फ्लेमिश ब्राबंट प्रांतात आहे. आसपासचा प्रदेश सुपीक. गहू, सातू आणि साखरेच्या बिटासाठी प्रसिद्ध. सेलिस यांचे घराणे शेती आणि गुरे सांभाळणारे. मुलानेही पुढे गाईंच्या दुधावरच पोट भरावे, अशीच त्या घराची रीत होती. मात्र घराच्या शेजारीच लुई तोमसिन यांची ब्रुअरी होती. भिजलेल्या धान्याचा, उकळत्या रसाचा आणि मसाल्यांचा वास घेतच पिएर लहानाचा मोठा झाला. तरुणपणी मोकळ्या वेळात तो तोमसिन यांच्याकडे हाताखाली काम करू लागला. पोती उचलायची, भांडी घासायची, पिंपे धुवायची, असली पडेल ती कामे. त्या कामाची कोणी परीक्षा घेतली नाही, कोणी प्रमाणपत्रही दिले नाही. पुढे सारी भिस्त त्याच शिक्षणावर राहणार होती, याची तेव्हा कोणाला कल्पना नव्हती.

हूगार्डनच्या बिअरला मोठा इतिहास होता. पंधराव्या शतकापासून तेथे बिअर बनत असल्याच्या नोंदी सापडतात. गाव भौगोलिकदृष्ट्या ब्राबंटच्या पोटात असले तरी सत्ता लिएजच्या राजधर्मगुरूंची चाले. त्यामुळे ब्राबंटचे कर तेथे लागू होत नसत आणि बिअरचा धंदा तेथे भरभराटीला आला. अठराव्या शतकात या एवढ्याशा गावात तीसहून अधिक ब्रुअऱ्या होत्या. गावकरी, शेतमजूर, वाटसरू सारेच ही बिअर पीत.

तिची कृतीही इतर बिअरपेक्षा निराळी होती. साधारणपणे बिअर बनते ती मोड आणून वाळवलेल्या सातूपासून, म्हणजे माल्टपासून. हूगार्डनमध्ये माल्टच्या जोडीला जवळजवळ तेवढाच कच्चा, मोड न आणलेला गहू वापरत. कधी थोडे ओटही घालत. गव्हातील प्रथिने आणि तळाशी न बसलेले यीस्ट यांमुळे ही बिअर पारदर्शक न राहता दुधी, धुकट दिसे. म्हणूनच तिला फ्लेमिश भाषेत 'विटबिअर', म्हणजे पांढरी बिअर, म्हणतात. धान्याचा गोड रस उकळताना कडवटपणासाठी हॉप्स अगदी बेताने घालत आणि उकळी संपता संपता कुटलेले धणे व कडू संत्र्याची वाळवलेली साल टाकत. ही साल आली ती कॅरिबियन समुद्रातील क्युरासाव बेटावरून. १६३४ पासून ते बेट डचांच्या ताब्यात होते आणि तेथली फळे व साली डच जहाजांतून शेजारच्या बंदरांत येऊन पोहोचत.

जर्मनीतल्या बव्हेरियाने १५१६ साली केलेल्या प्रसिद्ध नियमाने बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालायला मनाई केली होती. बेल्जियमच्या भूमीत तसे बंधन नव्हते. म्हणून तेथील गावोगावच्या ब्रुअर मंडळींनी मसाल्यांशी खेळ करत आपापली चव घडवली. धणे, सुंठ, दालचिनी, संत्र्याची साल ही नावे वाचताना मराठी वाचकाला आपल्या स्वयंपाकघराची आठवण व्हावी, इतके ते साम्य आहे.

परंतु जुन्या विटबिअरचा एक स्वभाव ताडीसारखाच होता. ती ताजी असताना उत्तम, पण लवकर आंबे. लाकडी पिंपातून ती फार दूर नेता येत नसे. एकोणिसाव्या शतकात पिल्सनर ही सोनेरी, काचेसारखी स्वच्छ बिअर आली. थंड तळघरात सावकाश मुरवलेली ही बिअर महिनोन् महिने टिके आणि रेल्वेने कुठेही जाई. पेल्यात चमकणाऱ्या त्या बिअरपुढे गावठी धुकट बिअर शेतकऱ्यांची, जुन्या लोकांची वाटू लागली. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने बेल्जियममधील अनेक ब्रुअऱ्यांची तांब्याची भांडी काढून नेली. अनेक भट्ट्या पुन्हा पेटल्याच नाहीत. हूगार्डनमध्ये एकेक दार बंद होत गेले. अखेरीस १९५० च्या दशकात तोमसिन यांनीही आपला कारखाना बंद केला आणि तीसहून अधिक ब्रुअऱ्यांच्या गावात एकही उरली नाही.

या काळात सेलिस दूधवाले झाले होते. सकाळी घरोघर दूध घालायचे, गावातल्या प्रत्येकाशी बोलायचे, हा त्यांचा दिनक्रम. वरकरणी गावाचे काही बिघडले नव्हते. दुकानांतून कारखान्यांची बिअर मुबलक मिळत होती. तरीही म्हातारी माणसे एकत्र बसली की जुन्या पांढऱ्या बिअरचा विषय निघायचाच. अशाच एका संध्याकाळी, १९६५ साली, गप्पा मारता मारता सेलिस यांच्या मनाने घेतले की ती आपणच करून पाहावी. त्या वेळी त्यांचे वय चाळीस होते. पदवी नाही, भांडवल नाही, कारखाना चालवण्याचा अनुभव नाही. जमेची बाजू एकच होती. तोमसिन यांच्याकडे ती बिअर कशी बनत होती, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

पहिले प्रयोग झाले ते घरातच. कपडे उकळण्याचा तांब्याचा हंडा हीच त्यांची पहिली भट्टी. आजच्या भाषेत सांगायचे तर ते शुद्ध 'होमब्रुइंग' होते. घरगुती बिअर बनवणाऱ्यासमोर अडचणींचा डोंगर असतो. धान्य किती गरम पाण्यात भिजवायचे याला महत्त्व असते. पाणी साठ-सत्तर अंश सेल्सिअसच्या मधे राहिले तर धान्यातील स्टार्चची साखर होते. फार तापले तर ती क्रियाच थांबते. कच्चा गहू तर आणखी हट्टी. त्याची पेज होते, गाळणी तुंबते. धणे जरा जास्त पडले तर बिअरला साबणासारखी चव येते. भांडे नीट स्वच्छ नसेल तर नको ते जीवाणू शिरतात आणि सारे ओतून द्यावे लागते. सेलिस यांना लिहिलेल्या कृतीपेक्षा स्वतःच्या जिभेवर आणि नाकावर अधिक भरवसा ठेवावा लागला. चव जमली की नाही, हे ठरवणारे परीक्षक गावातच होते. तोमसिन यांची बिअर प्यायलेली माणसे अजून हयात होती. आणखी वीस वर्षे उलटली असती तर तुलना करायला कोणी उरलेच नसते. म्हणूनच १९६५ हे वर्ष महत्त्वाचे. ती चव माणसांच्या आठवणीत होती, तोवरच तिला परत आणता येणार होते.

सेलिस यांनी घरच्यांकडून उसने पैसे घेतले, बंद पडलेल्या ब्रुअरीतील जुनी भांडी मिळवली आणि १९६६ साली गोठ्याशेजारच्या जागेत ब्रुअरी थाटली. गावात पुन्हा भट्टी पेटली. सुरुवातीला उत्पादन थोडे आणि गिऱ्हाईक गावचेच होते. पुढे जवळच्या लूवेन विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी ही बिअर उचलून धरली. १९६० च्या दशकाअखेर युरोपातील तरुणाई कारखानी, एकसुरी वस्तूंकडे पाठ फिरवू लागली होती. गावात बनलेली, न गाळलेली, मसाल्याचा वास असलेली बिअर त्यांना आपली वाटली. जाड काचेचा षटकोनी पेला ही तिची ओळख बनली. बेल्जियमपाठोपाठ नेदरलँड्समध्येही मागणी वाढली. जागा अपुरी पडू लागल्यावर सेलिस यांनी गावातील सरबताचा एक जुना कारखाना विकत घेतला आणि ब्रुअरीला 'दे क्लाइस' हे मठीची आठवण करून देणारे नाव दिले. १९७० च्या दशकात जी बिअर संपली असे सर्वांनी गृहीत धरले होते, तिची नक्कल आता इतर ब्रुअऱ्या करू लागल्या.

त्यानंतर आले १९८५ साल. ऑक्टोबर महिन्यात ब्रुअरीला भीषण आग लागली. कारखान्याचा मोठा भाग जळून गेला. विमा होता, पण तो नुकसान भरून काढण्याइतका नव्हता. दोन दशकांत उभारलेले सारे एका दिवसात मातीमोल होण्याच्या बेतात आले. लूवेन येथील आर्तोआ या मोठ्या ब्रुअरीने मदतीचा हात पुढे केला, पण त्या बदल्यात कंपनीतला मोठा हिस्सा घेतला. १९८७ च्या सुमारास आर्तोआ आणि लिएजजवळची पिएदबफ या कंपन्या एकत्र येऊन 'इंटरब्रू' हा मोठा समूह तयार झाला. छोट्या गावातल्या ब्रुअरीच्या मालकाला आता समूहाच्या हिशेबात बसावे लागणार होते.

खर्च कमी करायचा, उत्पादन वाढवायचे आणि त्यासाठी बिअरच्या घडणीत बदल करायचा, असा दबाव आपल्यावर येत होता, असे सेलिस पुढे सांगत. मोठ्या कंपनीचा विचार तिच्या जागी बरोबर असेलही. परंतु ज्या माणसाने ती चव आठवणीतून एकेक थेंब जमवून परत आणली होती, त्याला तडजोड मानवणारी नव्हती. त्यांनी उरलेला हिस्सा विकून टाकला. हूगार्डन हे गावाचे नाव, पेला, कारखाना, सगळे कंपनीकडे गेले. सेलिस यांच्याकडे उरली ती फक्त बनवण्याची हातोटी.

त्या वेळी त्यांचे वय पासष्टच्या घरात होते. अशा वयात माणसे नातवंडांत रमतात. सेलिस मात्र अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात गेले. तेथील पाणी चुनखडीच्या खडकांतून येते आणि ते हूगार्डनच्या पाण्याशी जुळणारे आहे, हे त्यामागचे एक कारण होते. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, हे लक्षात घेतले म्हणजे या निवडीचे मर्म कळते. मुलगी क्रिस्टीन हिच्या साथीने त्यांनी १९९२ साली 'सेलिस' नावाची ब्रुअरी सुरू केली आणि तेथे 'सेलिस व्हाइट' ही बिअर बनू लागली. टेक्सासच्या उन्हात हलकी, आंबट-गोड चवीची ही बिअर लोकांना आवडली.

अमेरिकेत तेव्हा एक वेगळेच वातावरण होते. १९७८ साली संसदेने घरगुती वापरासाठी बिअर बनवण्यास मुभा देणारा कायदा केला होता. त्यानंतर स्वयंपाकघरात आणि गॅरेजमध्ये हौशी मंडळी बिअर बनवू लागली होती आणि त्यांतूनच छोट्या ब्रुअऱ्यांची नवी पिढी उभी राहत होती. घरातल्या हंड्यातून सुरुवात केलेला एक म्हातारा बेल्जियन गृहस्थ या पिढीला गुरूसारखा वाटला तर नवल नव्हते. कच्चा गहू, धणे, संत्र्याची साल ही त्रयी हौशी लोकांच्या वह्यांत लिहिली गेली. १९९५ साली कूर्स या बड्या कंपनीने बाजारात आणलेली 'ब्लू मून' ही बिअरही याच घराण्यातली. ब्रुसेल्समध्ये बिअरशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन परतलेल्या कीथ विला यांनी ती घडवली होती.

दुर्दैवाने सेलिस यांच्या वाट्याला इतिहासाची पुनरावृत्ती आली. १९९५ साली मिलर या दुसऱ्या मोठ्या अमेरिकी कंपनीने ऑस्टिनच्या ब्रुअरीत बहुसंख्य हिस्सा घेतला. काही वर्षांतच ती कंपनीच्या गणितात बसेनाशी झाली आणि २००० च्या अखेरीस ब्रुअरी बंद झाली. पुढे 'सेलिस' हे नाव मिशिगनमधील एका ब्रुअरीला विकले गेले. आधी गावाचे नाव गेले होते, आता स्वतःचे आडनावही बाजारात दुसऱ्याचे झाले.

सेलिस बेल्जियमला परतले. वयाच्या पंच्याहत्तरीतही त्यांचे हात स्वस्थ नव्हते. मास नदीजवळच्या कान येथील जुन्या चुनखडीच्या गुहांमध्ये बिअर मुरवण्याचा प्रयोग त्यांनी केला. 'ग्रोटेनबिअर', म्हणजे गुहेतली बिअर, या नावाने ती ओळखली गेली. वातू गावच्या सेंट बर्नार्डस या ब्रुअरीसाठी त्यांनी पांढरी बिअरही घडवून दिली. मालकी नव्हती, मोठे भांडवल नव्हते. पुन्हा एकदा फक्त कसब होते.

याच काळात हूगार्डन गावावर दुसरे संकट आले. इंटरब्रूचे २००४ साली ब्राझीलमधील कंपनीशी विलीनीकरण होऊन 'इनबेव' बनले होते. नोव्हेंबर २००५ मध्ये या कंपनीने हूगार्डनचा कारखाना बंद करून उत्पादन लिएजजवळच्या जुपिय येथील मोठ्या कारखान्यात हलवण्याची घोषणा केली. गावाच्या नावाची बिअर गावात बनणार नाही, ही कल्पना गावकऱ्यांना असह्य झाली. कामगार आणि नागरिक रस्त्यावर उतरले. बाटलीवर हूगार्डन लिहायचे आणि बनवायची मात्र दुसरीकडे, हा कोणता न्याय, असा प्रश्न उभा राहिला. जुपिय येथे पूर्वीची चव नेमकी साधण्यात अडचणी येत असल्याची चर्चाही त्या वेळी झाली. अखेर २००७ साली कंपनीने निर्णय फिरवला आणि उत्पादन हूगार्डनमध्येच ठेवले. ज्या गावात १९६५ साली एकही भट्टी नव्हती, त्या गावाने चाळीस वर्षांनी आपली भट्टी वाचवली. गावाला हा हक्क सांगण्याचे बळ ज्याने मिळवून दिले, तो माणूस तेव्हा कारखान्याचा कोणीही नव्हता.

९ एप्रिल २०११ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी पिएर सेलिस यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात क्रिस्टीनने वडिलांचे नाव असलेले बोधचिन्ह पुन्हा मिळवले आणि आपल्या मुलीसह २०१७ साली ऑस्टिनमध्ये नव्याने ब्रुअरी सुरू केली.

व्यावहारिक फूटपट्टी लावली तर सेलिस यांचे आयुष्य यशस्वी म्हणावे की नाही, असा प्रश्न पडतो. पहिला कारखाना आगीनंतर हातातून निसटला, दुसरा भागीदारांनी बंद केला. पण त्यांनी परत आणलेली बिअर कोणाच्याच मालकीची राहिली नाही, हे त्यांचे खरे यश. नाव विकता येते, पेल्याचा आकार नोंदवता येतो. गव्हात धणे आणि संत्र्याची साल घालण्याची रीत मात्र कोणाच्या तिजोरीत ठेवता येत नाही. ती जगभर पसरली आणि म्हणूनच आता ती पुन्हा नाहीशी होण्याची भीती उरलेली नाही.

महाराष्ट्रातही ती येऊन पोहोचली. २००९ साली पुण्यात 'डूलाली'ने मायक्रोब्रुअरी सुरू केल्यानंतर राज्यात छोट्या ब्रुअऱ्यांचे दार उघडले आणि बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर त्यांच्या फळ्यांवर हमखास दिसू लागली. २०१५ साली बाजारात आलेल्या 'बिरा' या भारतीय नाममुद्रेची बिअर तर सुरुवातीला बेल्जियममध्येच बनवून आणली जात होती. भारतीय जिभेला ही बिअर परकी वाटली नाही, याचे श्रेय बहुधा धण्यांनाच द्यावे लागेल. अर्थात, सेलिस यांच्यासारखा घरातला हंडा चुलीवर चढवणे येथे शक्य नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणे हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. कायद्याच्या चौकटीत राहून हा वारसा जपायचा असेल तर तो परवानाधारक ब्रुअरी आणि ताडी उतरवणारे परवानाधारक यांच्याच हाती आहे.

येथेच पुन्हा माकुणसारच्या ताडाची आठवण होते. हूगार्डनची बिअर आणि पालघरच्या किनाऱ्यावरची ताडी यांत मोठे अंतर आहे. एक धान्याची, दुसरी झाडाच्या रसाची. एक जगभर बाटल्यांतून फिरते, दुसरी दुपारनंतर तालुक्याबाहेरही जाऊ शकत नाही. पण दोन्हींचे ज्ञान सारख्याच नाजूक जागी असते: माणसाच्या हातात आणि शेजाऱ्यांच्या जिभेवर. हूगार्डनला वेळेत एक दूधवाला भेटला. आठवण शाबूत असतानाच त्याने हंडा चढवला, म्हणून गावाला आपली चव परत मिळाली. किनाऱ्यावरच्या ताडांवर पहाटे अजून कोणी तरी चढते आहे. त्याच्यासोबत झाडाखाली एखादा मुलगा शिकायला उभा आहे की नाही, एवढाच काय तो प्रश्न आहे.